सबायना नॉटनकडच्या कपबशा

सबायना नॉटन खोटं बोलत नसे. गॉर्टनमोना गावात हा गुण मानला जाई, आणि थोडी खोडही. बाजारात कोंबडी विकायला नेली की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत ती सांगून मोकळी व्हायची, "अंडी घालत नाही हो ही आता. रश्शाला हवी तर न्या." तिचा नवरा फेस्टी तिच्यापासून लांब, दारूच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा राही. गाय विकायची असेल त्या दिवशी तर तो तिला घरीच ठेवून जाई.

अशा या बाईच्या पलंगाखाली तीस वर्षं दुसऱ्याच्या कपबशा होत्या. लपूनछपून नव्हे, साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती स्वतःच ज्याला त्याला सांगे की माझ्या नाहीत, मालक आला की द्यायच्या आहेत. गाव मान डोलवी. मालक यायचा नाही याची गावाला खात्री होती, म्हणून मान डोलवायला पैसे पडत नव्हते.

कपबशा थॉर्नलींच्या. थॉर्नली म्हणजे ड्रमशील हाउसवाले. आता तिथे नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि दिवाणखान्यात झाडं वाढली आहेत, पण त्या काळी नुसतं 'मोठं घर' म्हटलं की ड्रमशीलच. सबायना तिथे कामाला लागली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. घरासमोर मोठी हिरवळ होती. जेवणघराच्या खिडक्यांतून ती दिसे, आणि तिच्यावर नोकरमाणूस दिसता कामा नये म्हणून कुणा जुन्या थॉर्नलीने तबेल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीखालून भुयार बांधून घेतलं होतं. कोळसा, दूध, पाहुण्यांच्या बॅगा आणि सबायना, सगळं त्या भुयारातून आत जाई. तिला त्याचं वाईट वाटल्याचं कुणी ऐकलं नाही. पावसात भिजायला होत नाही, एवढंच ती म्हणे.

पोरगी हाताची हलकी, म्हणून दोनेक वर्षांत तिला भांडी घासण्यातून वर काढून जेवणघरात घेतलं. तिथे तिच्या ताब्यात मिसेस थॉर्नलींचा चहाचा संच आला. कागदासारखे पातळ कप, काठाला हिरवी रेघ, तिच्या आत सोन्याची बारीक रेघ, आणि प्रत्येक कपावर वेगळं रानफूल. उजेडाला धरला तर पलीकडची बोटं दिसत. लाकडी टबात तळाशी जुनं फडकं घालून एकेक कप धुवायचा, दोन कप एकदम पाण्यात घालायचे नाहीत. "सबायना," बाई म्हणाल्या होत्या, "याला तुझ्याखेरीज कुणाचा हात लागायचा नाही." नोकरांशी बाई फारशा बोलत नसत. सबायनाने ते वाक्य मनात पक्कं धरून ठेवलं.

मग एकोणीसशे बावीस साल उजाडलं. इंग्रज डब्लिन सोडून गेले, आणि आपली पोरं आपसातच भांडायला लागली. मोठी घरं पेटवायची टूम निघाली. ड्रमशीलचा नंबर लागला तेव्हा घरात थॉर्नलींपैकी कुणी नव्हतं. मिसेस थॉर्नली दोन्ही मुलांना घेऊन आधीच इंग्लंडला गेल्या होत्या. संध्याकाळी पोरं पेट्रोलचे डबे घेऊन आली. त्यांच्यातला एकजण सबायनाबरोबर शाळेत होता. तो टोपी काढून म्हणाला, "काय न्यायचं ते ने गं, पण पटकन. आम्हालाही घरी जायचंय." सबायनाने धुण्याची वेताची मोठी टोपली ओढली, त्यात ओल्या चादरी अंथरल्या, चादरींत कपबशा गुंडाळल्या आणि ती टोपली भुयारातून ओढत तबेल्यापर्यंत नेली. मागे वळून पाहिलं तेव्हा जिन्यातली खिडकी लाल झाली होती.

गावाने त्या संध्याकाळी बरंच काही वाचवलं. आमच्याकडे वाचवलं असंच म्हणतात, दुसरा शब्द वापरत नाहीत. लॅलींनी लाल मखमली पडदे वाचवले, आणि पुढची कित्येक वर्षं लॅलींची पोरं देवळात लाल मखमली कोट घालून, लाल झग्यातल्या कार्डिनल धर्मगुरूंची रांग बसावी तशी बसत. आंघोळीचा टब सिंहाच्या पंजांसकट कुणाच्या तरी शेतात गेला. गुरं अजून त्यातून पाणी पितात. थॉर्नलींच्या कारभाऱ्याने देवळाच्या फाटकावर नोटीस लावली, की नेलेलं सामान परत आणून द्यावं. नोटीस वाचायला गर्दी झाली. परत द्यायला एकटी सबायना निघाली. शहरात गेली, तर कारभारी हॉटेलात बसून डब्लिनच्या एका व्यापाऱ्याशी जळक्या घराच्या छपरावरचं शिसं विकायचा सौदा करत होता. ती दारातूनच परत फिरली. द्यायचं तर थॉर्नलींच्या हातात, नाहीतर कुणाच्याच नाही, असं तिने ठरवलं.

फेस्टीशी लग्न झालं तेव्हा ती टोपलीसकट आली. सासूने टोपलीत डोकावून पाहिलं आणि हुंकार दिला. फडताळात मांडू का म्हणाली, तर सबायना नको म्हणाली. आमच्याकडे ज्याचं त्याचं जे काही बरं असेल ते स्वयंपाकघरातल्या फडताळात मांडलेलं असतं, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्याचं तिथे मांडायचं नाही, असं सबायनाचं म्हणणं. टोपली पलंगाखाली गेली.

ती बाहेर निघाली पाद्र्यापायी. वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, पाद्री गावात येऊन एका घरी मिस्सा, म्हणजे पवित्र भाकरीची प्रार्थना, म्हणतो. घर दरवेळी वेगळं, पाळीपाळीने. ज्याच्या घरी मिस्सा, तो महिनाभर आधीपासून घायकुतीला आलेला असतो. भिंतींना चुना, दाराला रंग, उकिरड्यावर हिरव्या फांद्या. देवाला घर बघायचं नसतं, पण शेजाऱ्यांना बघायचं असतं. मिस्सा झाली की पाद्री आणि गावातली चार वजनदार माणसं टेबलाशी न्याहारीला बसतात. त्या टेबलावर चिरलेला कप असला तर त्या घराच्या नातवंडांनाही ते ऐकावं लागतं.

नॉटनांची पाळी आली तेव्हा सासूने कुणाला न विचारता टोपली ओढली. पाद्री नवा, तरुण, फादर गॉर्मली. कप हातात घेऊन म्हणाला, "वा! हे कुठून आलं?"

"सुनेने आणलंय माहेराहून," सासू म्हणाली. "तिच्या आईचं."

सबायना तेव्हा गोठ्यात होती. संध्याकाळी कळलं तेव्हा ती सासूवर उखडली. "फादरपुढे खोटं बोललात, आई?"

"अगं, मोठ्या घरातून आलंय म्हटलं असतं तर त्याच्या घशात चहा अडकला असता. पाहुण्याला नीट गिळता यावं म्हणून बोलले. त्याला खोटं नाही म्हणत."

सबायनाने फादरना जाऊन खरं सांगितलं का? नाही. त्यांनी तिला विचारलं नाही आणि ती बोलली नाही. न विचारलेल्याचं उत्तर न देणं हे खोटं नव्हे, असं तिने स्वतःला समजावलं. पट्टीच्या खऱ्या माणसालाही एवढी पळवाट लागतेच, आणि मी तिला त्याबद्दल नावं ठेवणार नाही.

पुढच्या खेपेला मिस्सा लॅलींकडे. बिड लॅली, लाल कोटवाल्या पोरांची आई, जिभेची तिखट, टोपली मागायला आली. "तुझ्याकडे फादरना फुलाफुलांचा कप आणि माझ्याकडे जॅमची बरणी? म्हणजे लोक म्हणायला मोकळे." सबायना नाही म्हणू शकली नाही. पण टोपलीबरोबर स्वतः गेली, स्वतः वाढलं, स्वतः धुतलं, स्वतः गुंडाळून परत आणलं. तेव्हापासून टोपली घरोघर फिरू लागली आणि तिच्यामागे सबायना. गावात कुणाच्याही घरची मिस्सा असो, भांडी घासायला सबायनाच. फुकटची मोलकरीण, असं बिड तिला तोंडावर म्हणे. सबायनाला ते लागत नसे. बाईंचा शब्द आपण पाळतोय, हे तिचं समाधान होतं. एकदा एक बशी फुटली, बिडच्याच घरी. तेव्हा मात्र ती दोन दिवस जेवली नाही.

अशी वर्षं गेली. सासू वारली, मुलं झाली, थोरला बोस्टनला गेला. फादर गॉर्मलींचे बढती मिळून कॅनन गॉर्मली झाले, पोट वाढलं, कानाने कमी ऐकू येऊ लागलं. त्यामुळे बोलणं वाढलं. सबायनाचे केस पांढरे झाले. मिसेस थॉर्नली इंग्लंडमध्ये वारल्याची बातमी कधीतरी आली. थोरला मुलगा लढाईत एक पाय गमावून बसलाय, तो यायचा नाही, असंही कळलं.

त्रेपन्न सालच्या वसंतात पाळी पुन्हा नॉटनांची होती. मिस्सेच्या आदल्या दिवशी फेस्टी शिडीवर चढून खिडकीला निळा रंग देत होता आणि सबायना जमीन घासत होती, तेवढ्यात बिड धापा टाकत आली.

"ऐकलंस का? थॉर्नलींची मुलगी आलीय. ऑलिव्ह. शहरात हॉटेलात उतरलीय, उद्या ड्रमशील बघायला येणार म्हणे."

सबायना गुडघ्यावरच थांबली. "खरंच?"

"पोस्टमनने डोळ्यांनी पाहिलीय. उंच आहे, टोपीला पीस आहे. बाई, त्या कपबशा आज रात्री काढू नकोस. माझ्याकडच्या ने. दोन कपांना कान नाहीत, पण कॅननना कुठे दिसतं."

"काढणार," सबायना म्हणाली. "उद्या मिस्सेला वापरणार, धुणार, बांधणार आणि दुपारी हॉटेलात नेऊन तिच्या हातात देणार."

बिडने कमरेवर हात ठेवले. "तुला वेड लागलंय का? तू देशील आणि मोकळी होशील. मग ती विचारेल, बाकीचं कुठाय? आमच्या पडद्यांचं काय?"

"पडदे विरले की तुझ्या पोरांच्या अंगावर."

"आणि टब? आणि हॅनलींच्या घरातला तो आरसा? सगळ्या गावाला चोर ठरवशील एका टोपलीपायी!"

"मी गावाचं नाव घेणार नाही. माझ्याकडचं तेवढं देईन."

"मोठी आली देणारी! आणि पुढल्या वर्षी माझ्याकडे कॅनन कशात चहा पितील? टबात?"

शिडीवर फेस्टी खुदकन हसला. बिडने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "तू सांग हिला काहीतरी. की तोंडातही रंग भरलायस?"

फेस्टीने ब्रश डब्याच्या काठावर पुसला. "तिचं ती बघेल," तो म्हणाला. "टोपली जड आहे, एवढं सांगतो. मी नेऊन देईन हॉटेलापर्यंत."

बिड पाय आपटत गेली. सबायनाने पुन्हा जमीन घासायला घेतली, पण घासून झालेलीच जागा ती पुन्हा घासत होती. तीस वर्षं जे तोंडाने म्हटलं ते उद्या हाताने करायचं होतं. ते केलं की ती सुटणार होती. नाही केलं तर इतकी वर्षं सांभाळलं म्हणायचं की बळकावलं, हे तिचं तिला ठरवावं लागणार होतं. त्या रात्री तिने प्रत्येक कप पुसून उजेडाला धरला.

सकाळी घर माणसांनी भरून गेलं. स्वयंपाकघरातलं टेबल उंच करून त्यावर पांढरा कपडा घातला होता, तीच वेदी. कॅनन चुलीशी खुर्ची टाकून बसले, एकेकाने जाऊन पापं सांगितली. सबायनाच्या पापांत कपबशांचा उल्लेख नव्हता. कधीच नसे. मिस्सा झाली, पवित्र भाकर घेतली, आणि टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, आगीवर किटली चढली. पलीकडच्या खोलीत न्याहारी मांडली होती. उकडलेली अंडी, लोणी, सोड्याचा पाव, आणि मधोमध फुलाफुलांच्या कपबशा.

कॅनन खुर्चीत बसले, रुमाल गळ्याशी खोचला आणि म्हणाले, "एक खुर्ची आणखी लाव गं, सबायना. मी एक पाहुणी बोलावलीय. काल हॉटेलात भेटली. ड्रमशीलच्या थॉर्नलींची मुलगी. आपल्या देवळातली नसली तरी चहा पिते."

दारात ताटकळलेल्या बायकांची पाचावर धारण बसली. बिड आत घुसली, कॅननना अंडं वाढायच्या मिषाने चार कप एप्रनखाली घालू लागली. सबायनाने तिचं मनगट धरलं. "असू देत तिथेच."

"अगं, मरशील!"

"असू देत म्हटलं ना."

खाली रस्त्यावर मोटार थांबली. मिस ऑलिव्ह आत आली, पीस लावलेली टोपी दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून मान वाकवून. चाळिशीची असेल. चेहरा आईचा, पण आवाज मऊ. सगळे उठले. तिने सबायनाकडे पाहिलं आणि थबकली.

"तू... तुम्ही वर ताट आणायच्या. सबायना ना? पायरीवर बसून माझ्या पावाला दोन्हीकडून लोणी लावायच्या. कुणाला सांगू नकोस म्हणायच्या."

"हो, मिस," सबायना म्हणाली. हे ती विसरली होती.

मिस ऑलिव्ह बसली. सबायनाने चहा ओतला. खोलीत कुणी अंडं फोडत नव्हतं. दारात बायका एकमेकींच्या खांद्यांवरून बघत होत्या. मिस ऑलिव्हने कप उचलला, फिरवून फूल पाहिलं, उजेडाला धरला.

"किती सुंदर!" ती म्हणाली. "असे कप मी कधी हातात घेतले नाहीत."

आणि सबायनाच्या ध्यानात आलं. मोठ्या घरात मुलं खाली जेवत नसत. ती वर, आपल्या खोलीत, दाईबरोबर जेवत, पत्र्याच्या पांढऱ्या ताटल्यांत आणि मगांत. ती ताटं रोज वर कोण नेई? सबायनाच. खाली पोरांना बोलावत ते चहाची भांडी आवरल्यावर, पाहुण्यांना गुड नाइट म्हणायला, तेवढ्यापुरतं. नऊ वर्षांची असताना ही पोर इंग्लंडला गेली. हे कप हिने कधी पाहिलेच नव्हते. आईने ते शेताच्या पलीकडून ओळखले असते. पण आई इंग्लंडमध्ये मातीखाली होती.

सबायनाने तोंड उघडलं. शब्द तयार होते, रात्रभर तयार केले होते. पण कॅननना दुसरा कुणी बोलायला लागलेला कधी कळत नसे.

"सबायनाच्या आईचे ते," कॅनन म्हणाले, अंड्याचा माथा उडवत. "मी या गावात नवा आलो तेव्हापासून यांतून चहा पितोय. माहेराहून आणलेत तिने. गरिबाघरचं, पण काय जपलंय बघा! सांभाळावं ते या बाईने. असं माणूस माझ्या पॅरिशमध्ये दुसरं नाही."

"तुमच्या आईचे?" मिस ऑलिव्हने वर पाहून विचारलं.

आमच्याकडे पाद्र्याला त्याच्या तोंडावर, तेही मिस्सेच्या सकाळी, आपल्याच टेबलाशी, कुणी चुकीचं ठरवत नाही. ज्याने ठरवलं असा माणूस मला आठवत नाही. कॅनन तिच्याकडे कौतुकाने बघत होते. दारातून बिड बघत होती, तिचे ओठ नुसते हलत होते. सगळं गाव श्वास रोखून होतं.

"हो, मिस," सबायना म्हणाली.

गावाने श्वास सोडला. अंडी फुटू लागली. बिडने मागच्या मागे क्रूसाची खूण केली आणि पाव कापायला गेली. पुढे न्याहारी छान झाली असं सगळे सांगतात. कॅननांनी हवापाण्यावर भाषण दिलं, मिस ऑलिव्हने दुसरा कप मागून घेतला. सबायना ये-जा करत होती, पण कुणी काही बोललं तर तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत होतं.

मिस ऑलिव्ह निघाली तेव्हा सबायनाने स्वयंपाकघरात जाऊन टोपली ओढली. कप तिने धुतले नव्हते, तसेच चहाच्या डागांसकट चादरीत गुंडाळले. तीस वर्षांत ते पहिल्यांदा न धुता टोपलीत गेले. "फेस्टी, उचल," ती म्हणाली. तो उचलून मागच्या दाराने फाटकापर्यंत गेला. ड्रायव्हर मोटारीचा दांडा फिरवत होता.

"मिस ऑलिव्ह," सबायना म्हणाली, "या कपबशा घेऊन जा."

मिस ऑलिव्हने टोपलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "छे छे! मी उगाच तारीफ केली. विसरलेच होते मी, तुमच्याकडे पाहुण्याने एखादी वस्तू चांगली म्हटली की ती बांधून देतात. माझी आई सांगायची, जपून बोलत जा, नाहीतर गाय घेऊन परत याल."

"तसं नाही, मिस. माझ्या आईच्या नाहीत त्या. कॅनन चुकले."

"हो का?" मिस ऑलिव्ह हसली, प्रेमाने. "काल हॉटेलवाल्या बाईने मला शाल दिली, तीही म्हणाली, जुनीच आहे, कुणाची ते ठाऊक नाही. मी घ्यावं म्हणून तुम्ही लोक काहीही बोलता."

"खरं सांगते. मोठ्या घरातल्या आहेत. त्या संध्याकाळी मी..."

मिस ऑलिव्हने हात वर केला. हसू गेलं होतं. "त्या संध्याकाळचं नको, सबायना. कालपासून जो भेटतो तो त्या संध्याकाळचं बोलतो. कुणाला वाईट वाटतं, कुणी म्हणतं मी नव्हतो त्यांत. मला नाही ऐकायचं. मी पावाचं लोणी आठवायला आले होते, ते मिळालं."

फेस्टी टोपली धरून उभा होता. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली.

मिस ऑलिव्हने सबायनाचे दोन्ही हात हातात घेतले. हात ओले होते, तिने ते सोडले नाहीत. "आई शेवटपर्यंत म्हणायची की ड्रमशीलच्या लोकांनी आपलं सगळं लुटून नेलं. तिचा तुमच्यावरचा राग काही गेला नाही. मी आता भावाला जाऊन सांगणार आहे की तिथे एक बाई आहे, जी मला तिच्या आईच्या कपबशा द्यायला निघाली होती. त्याला बरं वाटेल."

ती मोटारीत बसली. खिडकीतून हात हलवला. मोटार ड्रमशीलच्या बाजूला न वळता सरळ शहराकडे गेली. भिंती बघायला ती थांबलीच नाही.

सबायना फाटकाशी उभी राहिली. घरातून हसण्याचे आवाज येत होते. दारूच्या बाटलीचं बूच निघालं होतं.

"नेल्या नाहीत," फेस्टी म्हणाला.

"नाही."

"मग? पलंगाखाली ठेवू?"

"पलंगाखाली कशाला?" सबायना म्हणाली. ती रडत होती. फेस्टीने तिला त्याच्या आईच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं. "फडताळात मांड. आता माझ्याच आहेत त्या."